विक्रीस असलेली एक जुनी मोटार : कॉर्व्हेअर

अमेरिकेंत जुन्या मोटारी जतन करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, व तेथील विक्रीच्या जाहिरातींत शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर नांवाच्या चार दारांच्या आटोपशीर गाडीचें नांव आजहि आढळतें. जाहिरात बहुधा त्रोटकच असते : साल, रंग, किती मैल चालली, आणि ‘इंजिन उत्तम’ एवढें आश्वासन. परंतु या गाडीच्या मागें पदार्थविज्ञानाचा एक धडा व कायद्याच्या इतिहासांतील एक प्रकरण आहे. विद्यार्थिमित्रांनो, तो धडा आज आपण वाचूं.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन मोटारी उत्तरोत्तर लांब व जड होत गेल्या. त्याच सुमारास जर्मनींतून येणारी छोटी फोक्सवॅगन तेथील काटकसरी कुटुंबांस आवडूं लागली. तेव्हां तेथील तीन मोठ्या कंपन्यांनीं १९६० च्या हंगामासाठीं लहान गाड्या काढिल्या. फोर्डची फाल्कन व क्रायस्लरची व्हॅलियंट यांचीं इंजिनें नेहमींप्रमाणें पुढेंच होतीं. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांनीं मात्र निराळी वाट धरिली. २ ऑक्टोबर १९५९ रोजीं विक्रीस आलेल्या कॉर्व्हेअरचें इंजिन मागें होतें. त्याचे सहा सिलिंडर तीन-तीन असे दोन बाजूंस आडवे मांडलेले, घडण बहुतांशीं ॲल्युमिनियमची, आणि तें पाण्याऐवजीं वाऱ्यानें थंड होई. रेडिएटर नाहीं, म्हणून हिंवाळ्यांत पाणी गोठण्याची भीति नाहीं. मागील चाकांकडे जाणारा लांब दांडा नाहीं, म्हणून तळ जवळजवळ सपाट. ही कल्पना धाडसाची होती, यांत शंका नाहीं.

आतां धडा. या गाडीच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा साठांहून अधिक भार मागील चाकांवर पडे. एखाद्या हातगाडींत सगळें ओझें मागील बाजूस रचून ती वेगानें वळवून पाहा. मागचा भाग वळणाबाहेर फेंकला जाऊं पाहतो. त्यांत भर म्हणून १९६० ते १९६३ पर्यंतच्या गाड्यांत मागील प्रत्येक चाकाचा आंस मधल्या गीअरपेटीजवळच्या एकाच सांध्यावर, बिजागरीवरच्या दारासारखा, झुलत असे. भरधाव वळणावर गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला कीं चाकाची खालची कड आंत वळे, टायर केवळ कडेवर टेके, आणि रस्त्यावरील पकड अकस्मात् सुटे.

यावर कंपनीचा उपाय होता टायरांतील हवेचा. पुढील टायरांत दर चौरस इंचास १५ पौंड व मागील टायरांत २६ पौंड दाब ठेवावा, असें मालकाच्या पुस्तिकेंत सांगितलें होतें. पुढील टायर नरम असले म्हणजे वळणावर तेच आधीं सरकतात, गाडी थोडें रुंद वळण घेते, आणि चालकास सावध होण्यास अवसर मिळतो. उपाय शास्त्रशुद्ध खरा. पण पुस्तिका वाचतो कोण? इतर बहुतेक गाड्यांत चारी चाकांस साधारण सारखी हवा भरण्याची रीत, तीच येथें चालवली कीं सारी योजना फुकट. ज्या गाडीची निर्भयता दोन आंकड्यांच्या स्मरणावर टांगलेली आहे, तिच्या कर्त्यांनीं आपलें काम पुरें केलें असें निदान मला म्हणवत नाहीं. (आपल्याकडे २००९ सालीं विक्रीस आलेल्या टाटा नॅनोचेंहि इंजिन मागेंच होतें, तिचे मागील टायर पुढल्यांहून रुंद कां ठेविले असावेत, याचा मुलांनीं विचार करावा.)

नोव्हेंबर १९६५ मध्यें राल्फ नेडर या तरुण वकिलाचें मोटारींच्या सुरक्षिततेवरील पुस्तक निघालें. त्याचें पहिलेंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतें. गाडीचा पुढील भाग वळणावर स्थिर राखणारी पोलादी सळई कंपनीनें खर्च वांचविण्यासाठीं गाळली, असा त्यांचा आरोप होता. आरोपाला उत्तर देण्याऐवजीं कंपनीनें नेडर यांच्या मागें गुप्तहेर लावून त्यांच्या खासगी आयुष्याची चौकशी चालविली! तें उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्यें जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांस सेनेटच्या समितीपुढें क्षमा मागावी लागली, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा अमेरिकेंत मंजूर झाला.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९६४ च्या गाडींत ती सळई व मागें एक आडवी कमान घालण्यांत आली, आणि १९६५ पासून मागील सांध्यांची रचनाच बदलून दोष दूर झाला. म्हणजे पुस्तक निघालें तेव्हां सुधारलेली गाडी बाजारांत आलेली होती. पुढें सरकारी खात्यानें १९६३ ची कॉर्व्हेअर इतर समकालीन गाड्यांच्या बरोबरीनें चालवून पाहिली, आणि ती त्यांच्याहून विशेष धोक्याची नाहीं असा निर्णय १९७२ सालीं दिला. पण गाडीचें उत्पादन मे १९६९ मध्येंच थांबलें होतें. सुमारें अठरा लाख गाड्या तोंवर तयार झाल्या होत्या.

तेव्हां अशी गाडी पाहावयास जाणाऱ्यानें प्रथम साल विचारावें; १९६३ व १९६५ यांत केवळ दोन वर्षांचें नव्हे, तर सबंध रचनेचें अंतर आहे. मग मागील झांकण उघडून पंख्याचा पट्टा पाहावा. पंखा इंजिनाच्या माथ्यावर आडवा फिरतो, म्हणून पट्ट्यास काटकोनांत वळावें लागतें. तो निसटला कीं वारा बंद पडतो व इंजिन थोड्याच वेळांत तापतें. तेलाचे ओघळ आहेत काय, हेंहि पाहावें. हें नुसतें डागांचें काम नव्हे : १९६१ नंतरच्या गाड्यांत बैठकीची ऊब इंजिनावरून आलेल्या वाऱ्यानेंच मिळते, आणि सांधे गळत असतील तर धूर व विषारी वायु मुलाबाळांच्या श्वासांत येतो. रंग व चकाकी शेवटीं पाहिली तरी चालेल.

आणि टायरांतील हवा मोजण्यापूर्वीं, ‘किती दाब ठेवितां?’ असें विकणाऱ्यास सहज विचारावें. ‘चारींत सारखा’ असें उत्तर आलें, तर हवा नीट करून घेतल्यावांचून ती गाडी वळणाच्या रस्त्यावर चालवून पाहूं नये.