घरातील संगणकशिक्षण आणि बालकांची सुरक्षितता

काळाचौकी हा मुंबईच्या गिरणगावाचा भाग. येथील चाळींतील एका खोलीच्या बिऱ्हाडात संगणकासाठी निराळी जागा कोठून असणार? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर अशा घरांत पालकांचा मोबाईल हाच मुलांचा वर्ग झाला. त्याच यंत्रात घराचे बँक व्यवहारही असतात, याचा मात्र सहज विसर पडतो.

प्राथमिक वयात संगणक समजण्यासाठी पडदा हवाच असे नाही. खोलीपासून जिन्यापर्यंतची वाट एका मुलाने पावले व वळणे मोजून सांगावी आणि दुसऱ्याने ती तंतोतंत पाळावी. सूचना कोठे चुकली ते लगेच उमगते. संगणकाची आज्ञावली याच रीतीने चालते.

यंत्र हाती देताना वडीलधाऱ्यांपैकी कोणी शेजारी बसावे. ओटीपी, पत्ता, शाळेचे नाव, छायाचित्र अनोळखी व्यक्तीस का देऊ नये, हे समजावून सांगावे. मूल चुकल्यास रागावू नये. धाकाने लपविलेली गोष्टच अधिक घातक ठरते. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वीच ती रोखता येते. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. शिक्षकांनी हे दोन्ही क्रमांक पालकसभेत फळ्यावर लिहून द्यावेत.