चुलीचा धूर आणि आपली फुफ्फुसे

वायुप्रदूषणाचा विषय निघाला की मध्य प्रदेशातील माणसाला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचे भोपाळ आठवणे साहजिक आहे. मिथिल आयसोसायनेट या विषारी वायूने तेथे हजारोंचे प्राण घेतले. तो एका कारखान्यातील, एका रात्रीचा अपघात होता. पांढुर्णा-सौसर भागातील हवा मात्र थोडीथोडी, अनेक ठिकाणांहून आणि बरीचशी घराच्या आतूनच दूषित होत असते. या शेवटच्या कारणाचा उल्लेख तपासणीच्या खोलीत क्वचितच होतो, म्हणून हा लेखप्रपंच.

बाहेरील कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. नागपूर-बैतूल महामार्गावरील वाहने, वीटभट्ट्या, कारखाने, जाळला जाणारा कचरा आणि गव्हाच्या कापणीनंतर पेटविली जाणारी नरवाई. सौसर परिसरात मॅंगनीजही आहे. भूशास्त्रात तेथील खडकांच्या समूहाला ‘सौसर’ हेच नाव मिळालेले आहे. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. खाणकामगाराची चाल ताठर व चेहरा भावशून्य दिसू लागला, तर त्याच्या कामाची चौकशी अवश्य करावी. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते; वरचा उबदार थर झाकणासारखे काम करतो आणि पहाटेचा धूर गावावरच तरंगत राहतो.

आता घरात येऊ. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, ओले लाकूड यांचे ज्वलन अपुरे होते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण बाहेर पडतात. मोठी धूळ नाकात व घशात अडकते. हे सूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथे दाह निर्माण करतात आणि त्यांतील काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचे परिणाम खोकल्यापुरते राहत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, कमी वजनाचे बाळ, लहान मुलांचा न्यूमोनिया, स्त्रियांमधील मोतीबिंदू या सर्वांशी त्याचा संबंध आढळलेला आहे. अशा कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. भारताची २००९ ची मर्यादा ४० आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण शेकड्यांत जाते.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा आढावा घेतला. जगात धूम्रपान करणारे सुमारे एक अब्ज, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर घेणारे सुमारे तीन अब्ज, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आपल्या केसपेपरवर मात्र विडी-सिगारेटचा प्रश्न असतो, चुलीचा नसतो! पन्नाशीची, कधीही विडी न ओढलेली स्त्री दम लागतो म्हणून येते आणि दमा किंवा ‘जुना खोकला’ या नावाखाली तिचा उपचार सुरू राहतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील उच्छ्वास एकूण उच्छ्वासाच्या ७० टक्क्यांहून कमी राहिला, तर सीओपीडीचा विचार करावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास क्षयाची थुंकी तपासणी अर्थातच टाळू नये.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचविला. तरीही ज्याच्या शेतात सरपण फुकट मिळते, त्याला सिलिंडर पुन्हा भरणे जड वाटते. त्यास अज्ञान म्हणणे अन्याय होईल. भाजी-भाकर गॅसवर आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी बहुधा दिसते. निदान पाण्याची चूल अंगणात न्यावी, इंधन वाळलेले असावे, तान्हे मूल कडेवर घेऊन फुंकणी फुंकू नये, एवढे रुग्णाला सांगता येते.

हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेण्याचा धोका वेगळा व तातडीचा आहे. सकाळी घरातील सर्वांचेच डोके दुखत असेल, उलट्या होत असतील, तर अन्नविषबाधेबरोबर शेगडीचीही चौकशी करावी. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो आणि साध्या ऑक्सिमीटरला दोहोंतील फरक कळत नाही. ९८ हा आकडा पाहून रुग्णाला घरी पाठवू नये. मोकळ्या हवेत आणून मुखवट्याने शक्य तितका शुद्ध प्राणवायू ताबडतोब सुरू करावा.