इंग्रजी शब्दांच्या अंती येणारा ‘ओ’

प्राथमिक शाळेतील मूल इंग्रजीचे पहिले पुस्तक उघडते, तेव्हा ती भाषा त्यास सर्वस्वी अपरिचित असते, असे सामान्यतः मानले जाते. मुंबई उपनगरातील मुलांच्या बाबतीत तरी ही समजूत खरी नाही. अंधेरीच्या मुलाने मेट्रो पाहिलेली असते. घाटकोपरची मुलगी आईबरोबर बाजारात जाऊन किलोभर कांदे घेऊन येते. बोरिवलीच्या घरात आजोबांचा फोटो टांगलेला असतो. मुलुंडच्या नाक्यावर ऑटो उभी असते. मेट्रो, किलो, फोटो, ऑटो, रेडिओ, व्हिडिओ, झीरो, हीरो हे सर्व शब्द मुलांच्या तोंडी शाळेत येण्यापूर्वीच रुळलेले असून त्या सर्वांच्या अंती ‘ओ’ हे अक्षर आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. इतक्या कोवळ्या वयात ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हाच राजमार्ग होय. आणि त्या मार्गावरील पहिला टप्पा म्हणून हे शब्द फार सोयीचे आहेत.

१. आखूड झालेले शब्द

फोटो, किलो, मेट्रो व ऑटो हे मोठ्या शब्दांचे आरंभीचे तुकडे आहेत. ‘फोटोग्राफ’ या शब्दातील ‘फोटो’ हा अंश ग्रीक भाषेतील प्रकाशवाचक शब्दापासून आला. ग्रीक शब्दाने प्रकाशाकडे पाहिले, तर मराठीने ‘छायाचित्र’ म्हणून छायेकडे पाहिले, ही गंमत मुलांस अवश्य सांगावी. ‘किलो’ म्हणजे सहस्र. यास्तव एक किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, हे कोष्टक शब्दातच दडलेले आहे. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः. आपल्याच बळाने चालणारी ती ऑटोरिक्षा. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मुंबईचा पहिला मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. ‘मेट्रो’ या शब्दाच्या मुळाशी ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे मातृनगरी हा ग्रीक शब्द आहे, आणि त्यातील आईवाचक अंश व संस्कृत ‘मातृ’ हे एकाच कुळातील होत.

२. बाजारातील शब्द

‘पोटॅटो’ हा शब्द कठीण म्हणून मुले घाबरतात. त्यांस सांगावे की, ‘बटाटा’ व ‘पोटॅटो’ हे सख्खे भाऊ आहेत. कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांचा ‘बटाटा’ हा शब्द स्पॅनिश व पोर्तुगीज लोकांनी उचलला. तेथे तो रताळ्यास लावीत. पुढे तो आजच्या बटाट्यासही लागला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सर्व गावे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते बेट १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले व १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकून घेतले. पोर्तुगीजांच्या या दीर्घ सहवासातून मराठीस अनेक शब्द मिळाले. ‘बटाटा’ त्यांपैकीच एक. मराठीने शेवटचा ‘आ’ राखला, इंग्रजीने त्याचा ‘ओ’ केला.

‘मँगो’ची कथाही अशीच आहे. दक्षिण भारतातील आंब्याचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मांगा’ झाले आणि इंग्रजीत त्याचा ‘मँगो’ झाला. ‘टोमॅटो’ मूळचा मेक्सिकोतील. स्पॅनिशमध्ये त्याच्या शेवटी ‘ए’ आहे, आणि इंग्रजीतही आरंभी तसेच लिहीत. तात्पर्य, हा ‘ओ’ पुष्कळदा इंग्रजांच्या कानाने घातलेला आहे.

‘झीरो’ हा शब्द तर गणिताच्या तासास शिकवावा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याच्या गणिताचे नियम दिले. अरबांनी ‘शून्य’ याचा ‘रिकामे’ हा अर्थ घेऊन ‘सिफ्र’ हा शब्द योजिला. त्यापासून लॅटिनमार्गे इटालियन ‘झीरो’ झाला. मुलगा ज्यास परकी शब्द समजतो, त्याचा अर्थ मूळचा भारतीय आहे.

३. स्मरणास साहाय्य

लॅटिन भाषेत ‘व्हिडिओ’ म्हणजे मी पाहतो, ‘ऑडिओ’ म्हणजे मी ऐकतो आणि ‘व्हेटो’ म्हणजे मी मना करतो. मराठी क्रियापदांच्या अंतीही येथे ‘ओ’ आहे. हे साम्य केवळ योगायोगाचे असले, तरी स्मरणास उपकारक आहे. एखादी मुलगी म्हणेल, “गुरुजी, मी तर ‘पाहते’ म्हणते!” तिचे कौतुक करून सांगावे की, लॅटिनमध्ये या रूपात स्त्री-पुरुष भेद नाही.

४. उच्चारातील अडचण

खरी कसोटी येथे आहे. ‘गो’, ‘नो’, ‘सो’ शिकलेला मुलगा जी अक्षरे ‘डू’, ‘टू’, ‘हू’ अशी वाचावयाची, ती ‘डो’, ‘टो’, ‘व्हो’ अशी वाचतो आणि वर्ग हसतो. वस्तुतः त्याने शिकविलेला नियमच प्रामाणिकपणे लावलेला असतो. दोन या अर्थाच्या ‘टू’मध्ये डब्ल्यू कशास, असे तो विचारील, तर ‘ट्वेल्व्ह’ व ‘ट्वेंटी’ हे शब्द फळ्यावर लिहून दाखवावे. तेथे ते अक्षर अजून ऐकू येते.

याउलट ‘डेपो’ हा शब्द घ्यावा. मागाठाणे व मुलुंड येथील बस-आगारांमुळे तो मुलांस पाठ असतो. पण तो फ्रेंचमधून आला असल्याने त्याच्या शेवटी टी हे अक्षर मुकेपणाने उभे असते. ‘विंडो’, ‘यलो’, ‘स्लो’ यांच्या अंती डब्ल्यू असतो. ऐकून लिहिणाऱ्या मुलाने येथे नुसता ‘ओ’ लिहिला, तर ती चूक कानाची नसून लेखनरूढीची आहे, हे जाणून तांबड्या शाईचा वापर बेताने करावा.

५. अनेकवचन

पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको यांस ई-एस लागतात. ‘ओ’पूर्वी स्वर असल्यास (रेडिओ, स्टुडिओ, झू), शब्द आखूड झालेला असल्यास (फोटो, किलो) किंवा तो इटालियन संगीतातील असल्यास (पियानो) केवळ एस लागतो. मँगो, बफेलो, मॉस्किटो यांची दोन्ही रूपे चालतात. तेथे गुण कापू नयेत.

६. स्वाध्याय

प्रत्येक मुलाने घर, रस्ता व बाजार येथून ‘ओ’काराने संपणारे पाच शब्द ऐकून आणावे. शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखावे : ‘ओ’ लिहिला व ‘ओ’ उच्चारला, ‘ओ’ लिहिला पण ‘ऊ’ उच्चारला, ‘ओ’ उच्चारला पण अंती दुसरे अक्षर आहे. मुलांनी आपला शब्द योग्य रकान्यात स्वतः लिहावा व त्याचा अर्थ मराठीत सांगावा. ज्याच्या घरी इंग्रजीचे पुस्तक नाही, त्याच्याही घरी हे शब्द आहेत. आपल्या घरचा शब्द शाळेच्या फळ्यावर चढलेला ज्या मुलाने पाहिला, त्याची इंग्रजीची भीती तेथेच निम्मी ओसरते.