पंचवीस हजारांत रिसेप्शनचं संगीत

हॉल, जेवण आणि फोटोग्राफर ठरला की मग संगीताची आठवण होते. तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं. त्यात साऊंडवाला पहिलाच प्रश्न टाकतो, "किती टॉप, किती बेस?" याचं उत्तर तुम्ही देऊ नका. तुम्ही त्याला सांगा: हॉल बंदिस्त आहे की लॉन, पाहुणे किती, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, नाच आहे की नाही. सामान किती लागेल हे त्याने हॉल बघून सांगायचं.

रिसेप्शनला लोक स्टेजसमोर रांगेत उभे राहतात, जेवतात, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्यांशी बोलतात. त्यांना ओरडून बोलावं लागू नये आणि माईकवरचं नाव शेवटच्या रांगेत कळावं, एवढीच तुमची गरज. नाच नसेल तर बेसचे पैसे वाचवा. दोन मोठे टॉप स्टेजशेजारी लावण्यापेक्षा चार छोटे स्पीकर हॉलभर वाटून लावायला सांगा. आवाज कमी ठेवूनही सगळीकडे पोचतो आणि स्पीकरजवळच्या खुर्च्या रिकाम्या पडत नाहीत.

आता पैसे. पुणे-नाशिकसारख्या शहरांत तीनशे पाहुण्यांच्या बंदिस्त हॉलसाठी स्पीकर, मिक्सर, दोन कॉर्डलेस माईक आणि ऑपरेटर असं सगळं अंदाजे सात ते बारा हजारांत बसतं. डीजे, लाईटसह, पंधरा हजारांपासून पुढे. बासरी-तबला किंवा की-बोर्ड-बासरी अशी जोडी दोन तासांसाठी आठ ते पंधरा हजार. गायक-गायिकांसह ऑर्केस्ट्रा चाळीस हजारांच्या खाली क्वचितच मिळतो; बजेट आखडतं असेल तर तो विचार सोडा. दाट मुहूर्ताच्या दिवशी हेच दर सहज वाढतात. तारीख हलवता येत असेल तर हलवा, नाहीतर दोन-तीन महिने आधी सुपारी द्या.

माझी शिफारस अशी: साऊंड नऊ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,६२० रुपये, वादकांची जोडी दहा हजार, त्यांचा प्रवास दीड हजार. झाले २२,१२०. उरलेले २,८८० रुपये वेळ लांबली तर असू द्या. वादक शोधायला गावातल्या संगीत विद्यालयात जा. विशारद झालेले तरुण वादक तयारीचे असतात आणि त्यांच्यामागे एजंटाचं कमिशन नसतं. मात्र त्यांच्याशी घासाघीस करू नका. वाजवण्याआधी त्यांना पानावर बसवा आणि मानधन त्याच रात्री द्या.

खरी गळती ठरलेल्या रकमेच्या बाहेर होते. सर्वांत आधी हॉलच्या व्यवस्थापकाला विचारा की बाहेरचा साऊंड आणला तर रॉयल्टी किती. कित्येक हॉलना त्यांच्याच ठरलेल्या साऊंडवाल्याचं बंधन असतं. बाहेरचा आणला तर काही हजार वेगळे मोजावे लागतात आणि स्वस्त मिळालेला साऊंड महाग पडतो. मग वीज: भाड्यात आहे की मीटरप्रमाणे, युनिटचा दर काय, जनरेटर चालला तर डिझेल कुणाचं. साऊंडवाल्याला विचारा: टेम्पोभाडं धरलं आहे का, वरच्या मजल्याची हमाली वेगळी आहे का, माईकचे सेल कोण आणणार, जास्तीच्या तासाला किती. "बारा हजार" म्हणजे जीएसटी धरून की सोडून, हेही तेव्हाच. जीएसटी लावणार असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही. फॉग, कोल्ड पायरो आणि एलईडी वॉल "अगदी थोड्यात" देऊ करतील. नाही म्हणा. लेझर लाईट फुकट दिला तरी नको, त्याने डोळ्यांना आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरला इजा होऊ शकते.

वेळेचं बंधन पक्कं लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंदिस्त हॉलमध्ये आतल्यापुरता आवाज ठेवला तर सूट आहे, लॉनवर नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र असू शकतं, तेव्हा लॉन ठरवतानाच आजूबाजूला काय आहे ते पाहा. लॉनसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी काढा. किमान आठ-दहा दिवस आधी अर्ज, सोबत पत्रिका, लॉन बुकिंगची पावती आणि अर्जदाराच्या आधारची प्रत न्या. शुल्क भरलंत तर पावती घ्या. "परवानगीचं मी बघतो" असं साऊंडवाला म्हणाला तर कागद तुमच्या हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. आणि पत्रिकेत सात छापलं असेल तर संगीतही सातलाच सुरू व्हावं. दहाला बंद होणारा कार्यक्रम साडेआठला सुरू केलात तर अर्धे पैसे वाया गेले.

आता गाण्यांच्या परवान्याची भीती. "लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं" असं सांगून पैसे मागितले जातात. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२(१)(झेडए) लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट देतं. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत हेच स्पष्ट केलं आहे. तिची छापील प्रत जवळ ठेवा. गोव्यात लग्न असेल तर जास्त सावध राहा: याच विषयावरचं राज्य सरकारचं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यातलं कलम कायम आहे, तरीही अशी मागणी आली तर ती कोण निस्तरणार हे हॉटेलकडून बुकिंगआधी लिहून घ्या.

गाणी निवडायला एक संध्याकाळ काढा. तीन तासांना चाळीस-पंचेचाळीस गाणी पुरतात. वादक असतील तर वीसही खूप झाली. पाहुणे येताना सनई किंवा संतूर, बिस्मिल्ला खाँ आणि शिवकुमार शर्मांच्या ध्वनिमुद्रिका कधीच जुन्या होत नाहीत. नवरा-नवरीच्या प्रवेशाला एकच गाणं, त्यातला नेमका तुकडा कापून. रांग सुरू असताना वाद्यसंगीत किंवा फडके-खळ्यांची शांत भावगीतं. नाच हवाच असेल तर वादकांऐवजी डीजे घ्या आणि शेवटचा अर्धा तास नाचाला ठेवा. प्रत्येक गाण्याचे शब्द पूर्ण ऐका. चाल गोड म्हणून विरहाची गाणी लग्नात सर्रास वाजतात आणि ते कडव्यापाशी आल्यावर लक्षात येतं.

गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. तळघरातल्या हॉलमध्ये रेंज नसते, आणि फुकटच्या अ‍ॅपवर सनईच्या मधोमध जाहिरात लागते. जुना फोन घ्या, सिमकार्ड काढा, वायरने जोडा. त्याच्यापाशी बसायला घरचं कुणी नको, त्या दिवशी त्यांना शंभर कामं असतात. मित्राला सांगा, किंवा ऑपरेटरला क्रमवार छापील यादी द्या.

सगळं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्या: तारीख, वेळ, सामानाची यादी, एकूण रक्कम, ऑपरेटरचं नाव, आणि माणूस आलाच नाही तर पैसे किती दिवसांत परत. अ‍ॅडव्हान्स एक चतुर्थांशाहून जास्त देऊ नका, तोही यूपीआयने. बाकी रक्कम कार्यक्रम संपल्यावर, पावती घेऊन. पैसे बुडाले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.