जुन्या रुग्णपत्रकांना स्वतंत्र परीक्षकांची जोड

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, 11 व्या अध्यायात, श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या व पण्यजीवी यांना ‘सदातुर’ म्हटले आहे. व्यवसायामुळे घडणारे वेगधारण व अकाली भोजन हे त्याचे कारण. आजचे बसवाहक, कारखान्यातील कामगार वा औषधी दुकानदार यांना हे कितपत लागू पडते, हे तपासण्याची सामग्री आपल्या कपाटांतच आहे. मात्र जुन्या रुग्णपत्रकांत ‘व्यवसाय : वाहक’ एवढेच लिहिलेले असते, कामाचे स्वरूप नोंदलेले नसते.

ही उणीव रुग्णाला विचारून भरावी, तर अर्श वा मलावष्टंभाने पीडित रुग्ण कामातील कष्ट अधिक आठवून सांगण्याचा संभव असतो. चिकित्सकाने स्वतः ठरवावे, तर निदान ठाऊक असल्याने त्याचे मत आधीच झुकलेले असते. यासाठी स्वतंत्र परीक्षक नेमावेत, असे आम्ही सुचवितो.

प्रथम रुग्णपत्रकांतून केवळ व्यवसायांची यादी काढावी. नावे व निदान वगळावे. ‘कामाच्या वेळी मलमूत्रवेग धारण करावे लागतात काय?’ असा एकच प्रश्न व त्याचे निकष लिहून द्यावेत. त्या कामांची माहिती असलेल्या दोन परीक्षकांनी परस्परांशी चर्चा न करता उत्तरे द्यावीत. त्यानंतरच ती निदानांशी जुळवावीत.

परीक्षकांतील एकमत मोजण्यासाठी कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला ‘कप्पा’ गुणांक वापरतात. समजा, 50 व्यवसायांपैकी 20 ना दोघांनी ‘होय’ व 20 ना दोघांनी ‘नाही’ म्हटले. उरलेल्या 10 पैकी 5 ठिकाणी केवळ पहिल्याने व 5 ठिकाणी केवळ दुसऱ्याने ‘होय’ म्हटले. एकमत 80 टक्के दिसते. परंतु प्रत्येकाचे ‘होय’ 25 असल्याने 50 टक्के एकमत केवळ योगायोगानेही झाले असते. म्हणून कप्पा = (0.80 – 0.50) ÷ (1 – 0.50) = 0.60. लॅन्डिस व कॉख यांच्या 1977 च्या वर्गीकरणात हे मध्यम प्रतीचे एकमत ठरते. कप्पा याहून फार कमी आल्यास निकष अधिक स्पष्ट करून नव्या परीक्षकांकडून परीक्षण करवावे. मते ओढूनताणून जुळवू नयेत.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. हे गुण व्यवसायाचे आहेत, व्यक्तीचे नव्हेत. दोन वाहकांचे मार्ग व विश्रांतीच्या वेळा भिन्न असू शकतात. त्यामुळे या पद्धतीने समूहाविषयी अनुमान करता येते. समोरच्या रुग्णासाठी मात्र प्रश्नपरीक्षेला पर्याय नाही. यापुढील रुग्णपत्रकांत व्यवसायाखाली कामाचे तास, भोजनकाल व वेगधारण यांसाठी तीन ओळी राखून ठेवाव्यात, ही आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती.