वाऱ्याचं माप

आपण धान्य पायलीनं मोजतो. जमीन गुंठ्यानं मोजतो. मग वारा कशानं मोजायचा?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. घरांचे पत्रे उडाले. झाडं आणि विजेचे खांब पडले. वादळ किनाऱ्यावर थांबलं नाही. पार पुणे जिल्ह्यापर्यंत त्यानं नुकसान केलं. तेव्हा समुद्र लांब आहे, म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

हवामान खातं वारा मोजतं. त्यासाठी मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर एक यंत्र बसवतात. त्याला तीन लहान वाट्या असतात. वाऱ्यानं त्या गरगर फिरतात. जितका वारा जास्त, तितक्या त्या जोरात फिरतात.

यंत्र इतक्या उंच का? सावित्री नदी आठवा. काठाला पाणी हळू चालतं, मधे जोरात चालतं. वाऱ्याचंही तसंच आहे. जमिनीलगत घरं, झाडं, बांध त्याला अडवतात. वर तो मोकळा सुटतो.

आपला मुलूख तर डोंगराचा. महाड खोऱ्यात आहे. पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी आहे. खाली पान हलत नसलं, तरी वर खिंडीत वारा माणसाला ढकलतो. प्रत्येक खिंडीत खांब कसा उभारणार?

इथं लहान ड्रोन कामी येतो. गावठाणाच्या मोजणीला ड्रोन आलेला पुष्कळांनी पाहिला आहे. त्याला चार पंखे असतात. समोरून वारा आला की आपण पुढं वाकून चालतो. ड्रोनही तसाच वाऱ्याकडे कलतो, म्हणजे जागचा हलत नाही. वारा वाढला की कल वाढतो. त्या कलावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात.

पण माप खरं हवं. वजनकाटा तपासून घेतात ना? तसाच ड्रोन आधी खांबावरच्या यंत्राशेजारी उडवतात आणि दोन्ही आकडे ताडून पाहतात. वारा क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून काही मिनिटं मोजून सरासरी काढतात.

ड्रोनलाही मर्यादा आहे. भर वादळात तो उडवता येत नाही. त्याची बॅटरी थोडाच वेळ चालते. पण कोणत्या उंचीवर, कोणत्या खिंडीत वारा जोर धरतो, हे तो आधी दाखवू शकतो.

एक हिशेब ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० चा वारा ८० झाला, तर पत्र्यावर चौपट रेटा येतो. म्हणून वादळाची सूचना आली, की अंगणातल्या वाऱ्यावर जाऊ नका. आकडा ऐका. पत्रे आधीच घट्ट बांधा. झाडाखाली थांबू नका. गुरंही झाडाखाली बांधू नका.

प्रश्न
१. वारा मोजण्याचं यंत्र उंचावर का बसवतात?
२. ड्रोन वाऱ्याकडे का कलतो?
३. तुमच्या वाडीत सर्वांत जास्त वारा कुठं लागतो? तिथं कोणाचं घर आहे?