ऑनलाइन करभरणा : पावती केव्हा द्यावी?

घरपट्टी व पाणीपट्टी ही ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाची महत्त्वाची साधने होत. या करांचा भरणा घरबसल्या करता यावा, ही नागरिकांची अपेक्षा आता स्वाभाविक झाली आहे. २०१६ साली यूपीआय सेवा सुरू झाल्यापासून गावातील लहान दुकानांतही मोबाइलवरून पैसे दिले-घेतले जाऊ लागले. तथापि, पैसे बँकेत येणे आणि ते मागणी नोंदवहीत योग्य खातेदाराच्या नावे जमा होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधण्यासाठी पंचायतीची संगणक प्रणाली पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेच्या प्रणालीशी जोडावी लागते. ही जोडणी कशी होते, हे केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यानेच नव्हे, तर हिशेबावर स्वाक्षरी करणाऱ्यानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

लायब्ररी म्हणजे काय?

नागरिक आणि बँक यांच्यामध्ये राहून भरणा स्वीकारणाऱ्या व्यवस्थेला पेमेंट गेटवे म्हणतात. प्रत्येक गेटवेची संदेश पाठविण्याची पद्धत ठरलेली असते. ते सर्व संदेश स्वतः रचणे हे कष्टाचे व चुकांना वाव देणारे काम आहे. म्हणून गेटवे-संस्था पीएचपी, पायथन, जावा इत्यादी संगणकभाषांसाठी तयार आज्ञावलींचा संच पुरवितात. यालाच लायब्ररी असे म्हणतात. येथे पुस्तकांशी संबंध नाही. छापील कोरे नमुने तयार मिळावेत आणि आपण फक्त रकाने भरावेत, असा हा प्रकार आहे. मात्र नमुना छापून मिळाला म्हणून त्यातील आकड्यांची जबाबदारी छापणाऱ्यावर जात नाही, हे विसरता कामा नये.

भरण्याचे तीन टप्पे

भारतात वापरात असलेल्या रेझरपे या गेटवेचे उदाहरण घेऊ. समजा, एका खातेदाराकडून १,२५० रुपये घरपट्टी येणे आहे.

पहिला टप्पा मागणीचा. पंचायतीची प्रणाली लायब्ररीच्या साहाय्याने गेटवेकडे मागणी नोंदविते. त्यात रक्कम, चलन आणि आपला संदर्भ क्रमांक असतो. रक्कम पैशांत लिहावयाची असते. म्हणजे १,२५० रुपयांसाठी १,२५,००० असा आकडा जातो. येथे शंभराने गुणावयाचे राहिले, तर नागरिकाकडे साडेबारा रुपयांचीच मागणी होईल. गेटवे या नोंदीस एक ऑर्डर क्रमांक देतो. रक्कम नेहमी आपल्या मागणी नोंदवहीतून घ्यावी. नागरिकाच्या मोबाइलवरून आलेला आकडा जसाच्या तसा धरू नये, कारण तो वाटेत बदलता येतो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष भरण्याचा. नागरिकासमोर गेटवेचा तक्ता उघडतो. तो यूपीआय, कार्ड किंवा बँक खाते यांपैकी एक मार्ग निवडतो. कार्डाचा क्रमांक पंचायतीच्या संगणकात येतच नाही, आणि येऊही नये; व्यापाऱ्यांनी असे तपशील साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

तिसरा टप्पा पडताळणीचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. भरणा होताच ऑर्डर क्रमांक, भरणा क्रमांक आणि एक सांकेतिक स्वाक्षरी परत येते. पंचायत व गेटवे या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीच्या आधारे ही स्वाक्षरी तयार झालेली असते. लायब्ररीतील तयार आज्ञा तीच आकडेमोड पुन्हा करून दोन्ही स्वाक्षऱ्या जुळतात का, ते पाहते. जुळल्या नाहीत, तर तो संदेश बनावट समजावा. पडद्यावर उमटलेली 'भरणा यशस्वी' ही अक्षरे हा पुरावा नव्हे.

जोडणी मध्येच तुटली तर?

खेड्यापाड्यांत हा प्रश्न नित्याचा आहे. खात्यातून रक्कम गेली आणि त्याच क्षणी मोबाइलची रेंज गेली, तर परतीचा संदेश पंचायतीपर्यंत पोहोचत नाही. नागरिकाचे पैसे गेलेले असतात, पण नोंदवहीत तो थकबाकीदारच राहतो. पुढे त्यालाच थकबाकीची नोटीस गेली, तर शासकीय व्यवस्थेवरील त्याचा विश्वास उडतो.

यासाठी गेटवे वेबहुक नावाची सोय देतो. नागरिकाच्या मोबाइलवर विसंबून न राहता गेटवेचा संगणक पंचायतीच्या संगणकास परस्पर सूचना पाठवितो. तिच्यावरही स्वाक्षरी असते व तीही तपासावी लागते. एकच सूचना दोनदा येऊ शकते. म्हणून भरणा क्रमांक आधी नोंदला गेला आहे का, हे पाहूनच रक्कम जमा करावी. अन्यथा एका भरण्याच्या दोन पावत्या निघतील. सूचनाही आली नाही, तर लायब्ररीमार्फत ऑर्डर क्रमांकाची स्थिती गेटवेला विचारता येते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने भरणा करताना खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु पैसे घेणाऱ्याकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई आहे. तक्रार घेऊन आलेल्या नागरिकास ही माहिती जरूर द्यावी.

पदाधिकाऱ्यांनी काय पाहावे?

प्रणाली तयार करून घेताना पुढील बाबींची खात्री करून घ्यावी :

१. गुप्त किल्ली पंचायतीच्या सर्व्हरवरच असावी. मोबाइल ॲपमध्ये किंवा वेबपृष्ठात ती लिहिलेली नसावी. ती फुटल्याची शंका येताच बदलावी.

२. प्रथम चाचणी किल्ली वापरून सराव करावा. तीत खरे पैसे हलत नाहीत. त्यामुळे अयशस्वी भरणा, तुटलेली जोडणी व दुबार सूचना हे सर्व प्रसंग निर्धास्तपणे तपासता येतात.

३. नमुना १० ची पावती स्वाक्षरीची पडताळणी होऊन रक्कम प्रत्यक्ष स्वीकारली गेल्यावरच निघावी. काही भरण्यांत बँक रक्कम केवळ राखून ठेवते. तेवढ्यावर पावती देऊ नये.

४. गेटवेचा हिशेब, बँकेचा उतारा आणि रोकडवही यांचा मेळ दररोज घालावा. गेटवे आपले शुल्क वजा करून रक्कम जमा करीत असल्यास ते वेगळे दाखवावे. नागरिकाच्या खाती मात्र पूर्ण भरणाच नोंदवावा.

लायब्ररीमुळे आज्ञावलीकाराचे काम हलके होते, यात शंका नाही. परंतु रक्कम किती, कोणाची आणि खरोखर मिळाली की नाही, हे तीन प्रश्न पूर्वी पावतीपुस्तक हाती धरणाऱ्या कारकुनाला विचारले जात. आज ते संगणक प्रणालीस विचारावयाचे आहेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून पावती देऊ नये, आणि मिळाल्यावर ती देण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.